विषाणू निवडू नका, पेशीतला रस्ता निवडा

प्रश्न : मी मुंबईतल्या एका कॉलेजात लाइफ सायन्सेसमध्ये एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राहायला डोंबिवलीला. कोविडच्या काळात 'नवा प्रकार लसीला चकवतो' अशा बातम्या वाचून या विषयाची गोडी लागली. विषाणू आपल्या प्रतिकारशक्तीच्या हातावर तुरी कशी देतात, यावर पीएच.डी. आणि पुढे संशोधनच करायचे आहे. कोणता विषाणू निवडू? मुंबईत राहून हे जमेल की परदेशी जावेच लागेल? घरचे विचारतात, इतकी वर्षे शिकून शेवटी हाती काय लागणार?

उत्तर :

पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने पुढच्या सगळ्यांची उत्तरे बदलतात, म्हणून तिथूनच सुरू करते. पीएच.डी.च्या मुलाखतीला येणारी बरीच मुले हेच विचारतात आणि माझे उत्तर ठरलेले असते : विषाणू निवडू नका. पेशीतला एखादा रस्ता निवडा आणि कोणते विषाणू तो कुठे, कसा अडवतात ते बघा.

हे काही तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, यात पोटापाण्याचा हिशेब आहे. माझ्या उमेदीच्या काळापासून आजपर्यंत एचआयव्ही, बर्ड फ्लू, चिकुनगुन्या, स्वाइन फ्लू, झिका, कोविड अशी रांग लागली. प्रत्येकाच्या मागून पैसा आला आणि साथ ओसरली तसा तो आटला. ज्यांनी एका विषाणूच्या नावावर लॅब थाटली, त्यांना दर काही वर्षांनी पाटी बदलावी लागली. ज्यांनी 'पेशीला धोक्याची खबर लागते कशी आणि ती खबर मध्येच कोण कापते' हा प्रश्न धरून ठेवला, त्यांना दर नव्या साथीत नवे उदाहरण आयते मिळाले.

तुम्ही वाचलेल्या बातम्या चकवण्याच्या एकाच तऱ्हेबद्दल होत्या. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत कोरोनाच्या स्पाइक प्रथिनात एल४५२आर आणि ई४८४क्यू हे बदल सापडल्याचे केंद्राने जाहीर केले, तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी 'डबल म्युटंट' म्हणून गजर केला. अशा वेळी घडते ते असे : प्रतिपिंड (अँटिबॉडी) जिथे चिकटते तिथले एखाददुसरे अमिनो आम्ल बदलते आणि जुन्या प्रतिपिंडाची पकड सुटते. इन्फ्लुएन्झा हेच करतो, म्हणून त्याची लस वरचेवर बदलावी लागते. विषय महत्त्वाचा आहे, पण त्यात गर्दीही भरपूर आहे. शिवाय तो हळूहळू क्रमनिर्धारण (सिक्वेन्सिंग) आणि संगणकी मॉडेलवाल्यांकडे सरकला आहे.

दुसरी तऱ्हा मला जास्त मोहवते. तिच्यात विषाणू स्वतःच्या जनुकसंचात (जीनोममध्ये) केवळ प्रतिकारयंत्रणेत खोडा घालण्यासाठी वेगळी जनुके बाळगतो. डेंग्यूच्या जनुकसंचाची लांबी जेमतेम ११ हजार अक्षरे आणि प्रथिने १०. इतक्या तुटपुंज्या जागेतही तो इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू शिरल्याची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा, संदेश तोडायची सोय करून ठेवतो. दुसऱ्या टोकाला ह्यूमन सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही. याचा जनुकसंच सुमारे २ लाख ३५ हजार अक्षरांचा. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्काम ठोकून असतो आणि धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही नसतो. हे बिऱ्हाड टिकते ते या चकवणाऱ्या जनुकांच्या जोरावर.

त्यातला एक रस्ता जरा जवळून दाखवते, म्हणजे मी 'रस्ता' कशाला म्हणते ते कळेल. आपली प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे करत असते. हे तुकडे टॅप नावाच्या पंपातून एंडोप्लाझमिक रेटिक्युलम या प्रथिने घडवणाऱ्या कप्प्यात शिरतात, तिथे एचएलए रेणूवर बसतात आणि एचएलए त्यांना घेऊन पेशीच्या पृष्ठभागावर येतो. टी-पेशी येऊन ते तुकडे तपासते आणि विषाणूचा तुकडा दिसला की त्या पेशीला मारते. टी-पेशी नुसता परका तुकडा बघत नाही, तो आपल्याच एचएलएवर बसलेला हवा असतो, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी दाखवले आणि १९९६ चे नोबेल मिळवले.

आता सीएमव्ही काय करतो बघा. त्याचे यूएस-६ हे प्रथिन टॅपचा पंप बंद पाडते. यूएस-३ तयार झालेला एचएलए आतच अडकवून ठेवते. यूएस-२ आणि यूएस-११ तर नव्याने बनलेला एचएलए रेटिक्युलममधून उलटा ओढून बाहेर काढतात आणि प्रोटिअसोम या प्रथिने भरडणाऱ्या यंत्राच्या तोंडी देतात. काही मिनिटांत खेळ खलास. हर्पिस सिम्प्लेक्सचे आयसीपी-४७ त्याच टॅपला दुसऱ्या बाजूने बूच मारते. अॅडिनोव्हायरसचे ई३-१९के एचएलएला आतच धरून ठेवते. एकमेकांशी संबंध नसलेले विषाणू त्याच रस्त्यावर वेगवेगळ्या ठिकाणी नाकाबंदी करून बसले आहेत.

पण पृष्ठभागावर एचएलए दिसलाच नाही, तर नॅचरल किलर म्हणजे एनके पेशी अंगावर येतात. लोकलच्या भाषेत सांगायचे तर टी-पेशी पासावरचा मजकूर वाचते आणि एनके पेशी बिनपासाच्या प्रवाशाला धरते. म्हणून सीएमव्ही यूएल-१८ हा बनावट पासही बाळगतो. तो एचएलएसारखा दिसतो आणि एनके पेशीवरच्या एका रोधक ग्राहीला (रिसेप्टरला) घट्ट चिकटतो. एचआयव्हीची युक्ती निराळी. त्याचे नेफ प्रथिन एचएलए-ए आणि एचएलए-बी पृष्ठभागावरून खाली खेचते, पण एचएलए-सीला हात लावत नाही, असे १९९९ मध्ये दाखवले गेले. टी-पेशींना बव्हंशी दिसणारे गायब, एनके पेशींना शांत ठेवणारे जागेवर. फार सुबक गोष्ट, वर्गात शिकवायला छान. पुढे २०१६ मध्ये रुग्णांमधून थेट वेगळे केलेले विषाणू तपासले, तेव्हा त्यातले बरेचसे एचएलए-सीदेखील खाली आणतात, आणि ते काम व्हीपीयू हे दुसरेच प्रथिन करते, असे निघाले. लॅबमध्ये वर्षानुवर्षे वापरात असलेल्या वाणात ही क्षमता नव्हती, म्हणून इतकी वर्षे कोणाला दिसली नाही. या उदाहरणाकडे मी पुन्हा येणार आहे.

या सगळ्यातून विषाणूंबद्दल कळले तेवढेच पेशीबद्दलही कळले. चुकीची घडी पडलेली प्रथिने रेटिक्युलममधून उलटी बाहेर काढून नष्ट केली जातात, ही पेशीची रोजची साफसफाई आहे. ती समजून घ्यायला यूएस-२ आणि यूएस-११ ने मोठा हात दिला. सीएमव्हीचे यूएल-१६ कशाला चिकटते हे शोधताना एनके पेशींना चेतवणाऱ्या रेणूंचे एक कुटुंबच हाती लागले आणि त्या कुटुंबाचे नावही त्या विषाणू-प्रथिनावरूनच पडले. एचआयव्हीच्या व्हिफ जनुकाचे कोडे मला सगळ्यांत आवडते. व्हिफ काढून टाकलेला विषाणू काही पेशींत मजेत वाढायचा, तर काहींतून बाहेर पडायचा पण पुढे कोणाला लागण करू शकायचा नाही. सीईएम आणि सीईएम-एसएस या दोन सख्ख्या म्हणाव्यात अशा पेशी-वाणांत नेमका हाच फरक होता. मग एकीत चालू आणि दुसरीत बंद असलेले जनुक शोधले, तर एपोबेक-३जी सापडले. साल २००२. माणसाच्या पेशीत विषाणूचा डीएनए बिघडवणारे शस्त्र होते आणि विषाणूने ते मोडायची तजवीज केली नसती तर ते आपल्याला कधी दिसले असते कोण जाणे. पुढे २००८ मध्ये व्हीपीयूच्या मागावर असलेल्यांना टेथरिन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या विषाणूला पेशीलाच बांधून ठेवणारे प्रथिन, सापडले, तेही याच चालीने.

आपल्याकडची नावेही या इतिहासात आहेत. गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी १९८८ मध्ये दाखवले की देवीच्या लसीतला व्हॅक्सिनिया विषाणू आपल्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या जंतूंवर हल्ला करणाऱ्या यंत्रणेला आवरणाऱ्या प्रथिनांसारखेच प्रथिन स्वतः बनवून बाहेर सोडतो. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, अरविंद साहू यांच्या गटाने देवी आणि कापोसी सार्कोमा यांच्या विषाणूंतल्या अशाच प्रथिनांवर वर्षानुवर्षे काम केले. एक प्रथिन-कुटुंब, एक रस्ता आणि विषाणू अनेक. मी म्हणते ते हेच.

आता लॅबमधली मेख. चकवणाऱ्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्याला रोज छळणारी गोष्ट ही की काचेच्या बशीत ही जनुके बिनकामाची असतात. तिथे ना टी-पेशी, ना एनके पेशी, ना प्रतिपिंडे. मग विषाणू तरी ते ओझे कशाला वाहील? मघाचे एचआयव्हीचे उदाहरण इथे आठवा. सीएमव्हीचा एडी१६९ हा वाण गेल्या शतकाच्या पन्नाशीत वेगळा केला आणि तो जगभर वापरला गेला. लॅबमध्ये वाढता वाढता त्याने सुमारे १५ हजार अक्षरांचा तुकडा टाकून दिला, आणि त्या तुकड्यातली कित्येक जनुके एनके पेशींना चुकवण्याची होती. तो वाण घेऊन एनके पेशींवर निष्कर्ष काढणाऱ्याला काय मिळणार ते उघड आहे. हीच गोष्ट उलट बाजूने आपल्या कामाला आली. कोविशील्डमधला चिंपांझीचा अॅडिनोव्हायरस आठवा. त्यातून ई-१ आणि ई-३ हे भाग काढलेले होते. ई-१ काढला की विषाणू माणसात वाढू शकत नाही. आणि ई-३ काढून जागा करता येते, कारण बशीत त्याच्यावाचून काही अडत नाही. ई३-१९के हे त्याच भागातले.

पेशींचेही तेच. लॅबमध्ये कायम वाढवल्या जाणाऱ्या व्हेरो पेशी विषाणू वाढवायला उत्तम, कारण त्यांच्यात टाइप-१ इंटरफेरॉनची जनुकेच नाहीत. २९३टी पेशींत कोणतेही जनुक पटकन घालता येते म्हणून सगळ्या लॅब त्यांनी भरलेल्या. पण त्यांच्यात अॅडिनोव्हायरसचे ई१ए आणि एसव्ही-४० या माकडाच्या विषाणूचे लार्ज टी अँटिजेन आधीच बसलेले आहे. हेला पेशींत एचपीव्ही-१८ या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचे ई-७ आहे. परका डीएनए ओळखणारी सीगॅस-स्टिंग यंत्रणा ई१ए आणि ई-७ यांच्यामुळे मंदावते, हे २०१५ मध्ये छापून आले. म्हणजे विद्यार्थी ज्या पेशीत 'माझे विषाणू-प्रथिन इंटरफेरॉन दाबते का' हे बघायला बसतो, त्या पेशीत दुसऱ्या विषाणूने ते काम आधीच उरकलेले असते. मुलाखतीला आलेल्या मुलीने 'मी २९३टी वापरीन' म्हटले की मी 'का?' एवढेच विचारते. उत्तरावरून पुष्कळ कळते.

रोजचे काम कसे दिसते याचा एक नमुना. समजा, एखादे विषाणू-प्रथिन एचएलए खाली आणते असा तुम्हाला संशय आहे. ते जनुक जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासोबत पेशींत घालायचे, दोन दिवस थांबायचे, मग पेशी जिवंत असतानाच डब्ल्यू६/३२ हे एचएलए ओळखणारे प्रतिपिंड लावून फ्लो सायटोमीटर या एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर न्यायच्या. एकाच नळीत हिरव्या आणि बिनहिरव्या दोन्ही पेशी असतात; हिरव्यांचा एचएलए-आलेख डावीकडे सरकलेला दिसला की मन उड्या मारते. उड्या मारू द्यायच्या नाहीत. त्याच पेशींवर एचएलएशी संबंध नसलेला ट्रान्सफेरिन रिसेप्टर बघायचा. तोही खाली आला असेल तर तुमचे प्रथिन कोणाला चकवत नाही, पेशीला नुसते आजारी पाडते आहे. नुसता जीएफपी घातलेल्या पेशी बघायच्या. शिवाय डब्ल्यू६/३२ फक्त नीट जुळलेला एचएलए ओळखते, हे ध्यानात ठेवायचे : रेणू आहे पण घडी मोडली आहे, असेही असू शकते, म्हणून मोडलेल्या साखळीला चिकटणारे एचसी-१० लावून ताडायचे. त्यानंतर प्रोटिअसोम रोखणारे एमजी-१३२ घालून जेल चालवायचा, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करायची. एचएलएच्या जड साखळीवर शर्करेची एकच शृंखला असते. प्रोटिअसोम रोखल्यावर साखळीचा पट्टा परत दिसला आणि तो नेहमीपेक्षा थोडा खाली असला, तर शर्करा उतरली आहे. म्हणजे ती साखळी आधी रेटिक्युलममध्ये जाऊन आली आणि मग पेशीद्रवात उलटी ओढली गेली. यूएस-११ ची करामत १९९६ मध्ये उलगडली ती अशाच खाली सरकलेल्या पट्ट्यावरून. त्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत एखाद्याचे आख्खे करिअर मावते, आणि यात अतिशयोक्ती नाही.

आणि हे सगळे करायला जिवंत विषाणू लागलाच नाही, हे लक्षात आले का? एकेक जनुक घेऊन केलेले काम साध्या जैवसुरक्षा स्तरावर, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घेऊन होते. कोविडचा जिवंत विषाणू हाताळायला तिसरा स्तर लागतो, निपाहला चौथा, आणि तशी सोय पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, आहे. नव्या, बेताच्या पैशांच्या लॅबला रस्ता धरून काम करणे परवडते, विषाणू धरून परवडेलच असे नाही. अर्थात पेपर चांगल्या ठिकाणी जायचा तर शेवटी परीक्षक विचारतातच : खऱ्या विषाणूतून हे जनुक काढले तर काय होते? तेव्हा सहकार्य शोधावे लागते, आणि तेव्हा आपल्या हातात काहीतरी असावे लागते.

उंदरांची गोष्ट वेगळीच. डेंग्यूचे एनएस-५ प्रथिन माणसाच्या स्टॅट-२ ला, म्हणजे इंटरफेरॉनचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनाला, नष्ट करते, उंदराच्या स्टॅट-२ ला त्याचा धक्का लागत नाही. साहजिकच साध्या उंदराला डेंग्यू धड होतच नाही आणि इंटरफेरॉनचा ग्राही काढलेले उंदीर वापरावे लागतात. ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा, तीच काढून टाकलेला प्राणी! म्हणून या क्षेत्रात माणसांचे नमुने सोन्याच्या मोलाचे आणि म्हणून मुंबई.

मुंबईत काय आहे, काय नाही ते आता स्पष्ट सांगते. विषाणूंना वाहिलेली मोठी संस्था मुंबईत नाही, ती पुण्याला. पण परळच्या त्या एका तुकड्यात केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया, हाफकिन आणि आयसीएमआरची प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था पायी फिरता येईल इतकी जवळ आहेत. हाफकिनच्याच आवारात आधी एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र होते, ते आता एनआयव्हीचे मुंबई युनिट आहे; मुंबईच्या सांडपाण्यातून पोलिओवर नजर ठेवणे २००१ पासून सुरू झाले ते इथल्याच कामातून. सात रस्त्याजवळच्या कस्तुरबा रुग्णालयात साथीचे रुग्ण येतात आणि २०२१ पासून तिथे जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळाही आहे. खारघरला टाटाचे अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. एचपीव्हीसारख्या कर्करोग घडवणाऱ्या विषाणूंमध्ये गोडी असेल तर तिकडे जरूर बघा, कारण एचपीव्हीही एचएलए आणि इंटरफेरॉन दोन्हींशी खेळतो. कुलाब्याला टीआयएफआर, पवईला आयआयटी, कलिन्याला विद्यापीठ. टीआयएफआर किंवा आयआयटीच्या दारावर 'व्हायरॉलॉजी' अशी पाटी दिसणार नाही म्हणून त्यांना यादीतून काढू नका. पेशीतली वाहतूक किंवा प्रथिनांची घडी शिकवणाऱ्या लॅबमध्ये पीएच.डी. करून विषाणूंकडे वळलेला माणूस पुढे सरस ठरतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. उलटा प्रवास कठीण जातो.

अडचणीही मुंबईच्याच. पावसाळ्यात कल्चर रूममध्ये बुरशी शिरली की महिन्याचे काम कचऱ्यात जाते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे इन्क्युबेटरच्या दाराशी अक्षरशः सोवळे पाळतात. लोकल बंद पडल्या की हॉस्टेलवरची मुले डोंबिवली-विरारवाल्यांच्या पेशींना मीडिया (पेशींचे खाद्य) घालतात, हा अलिखित करार आहे. बाहेरून मागवलेले प्रतिपिंड यायला आठवडे लागतात, आणि सहारच्या कार्गोत अडकलेल्या खोक्यातला सुका बर्फ कोणाची वाट बघत नाही. रुग्णांचे नमुने हवेत तर नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाची संमती आणि एक असा डॉक्टर लागतो ज्याला ओपीडीच्या गर्दीतही तुमच्या प्रयोगाची आठवण राहील. असा डॉक्टर सापडला तर त्याला जपा. ताजे रक्त काही तासांत लॅबमध्ये पोचले तर पेशी कामाच्या, आणि परळमध्ये ते चालत जाऊन आणता येते.

आता घरच्यांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्यावर रागावू नका.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआरची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), डीबीटीची परीक्षा, गेट किंवा टीआयएफआरची प्रवेश परीक्षा यांपैकी एकीतून आत शिरता येते. २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७ हजार आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ) झालात की ४२ हजार, आणि घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे पीएच.डी.त तुम्ही घरच्यांच्या जिवावर नसता, पण मुंबईत घर घेण्याच्या गोष्टीही करत नसता. नियमाने पीएच.डी.ची मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, आमच्या क्षेत्रात ५-६ धरूनच चला. पुढे तीन ते पाच वर्षे पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये पीएच.डी.नंतरचे संशोधन. मग स्वतःची लॅब, वय पस्तिशीच्या आसपास. विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते, आयआयटीत १,०१,५०० पासून. परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, इंडिया अलायन्स आहे, रामानुजन आहे. संशोधनाला पैसा देणारे पूर्वीचे एसईआरबी आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे, तिथूनही प्रकल्प मिळतात. कागदावर हे सगळे व्यवस्थित दिसते. प्रत्यक्षात मंजूर पैसा हातात पडायला उशीर होतो आणि मधल्या काळात फेलोशिप रखडलेली मुले मित्रांकडून उसने घेतात. हेही घरी सांगा.

सगळ्यांना स्वतःची लॅब मिळत नाही. पीएच.डी. झालेल्यांपैकी बरेच जण लस-उद्योगात, रोगनिदान कंपन्यांत, पेटंटच्या कामात, नियामक संस्थांत जातात. याला पडती बाजू समजू नका. चकवण्याचे ज्ञान उद्योगात थेट लागते. मेलानोमावर २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टी-व्हेक हे औषध म्हणजे हर्पिसचाच विषाणू आहे, ज्यातून आयसीपी-४७ काढलेले आहे; संक्रमित कर्कपेशीने स्वतःला टी-पेशींपासून लपवू नये म्हणून. कारिको आणि वाइसमन यांचे २०२३ चे नोबेलही याच मुलखातले : पेशीच्या पहारेकऱ्यांनी बाहेरून आलेल्या आरएनएवर तुटून पडू नये म्हणून त्यातले एक अक्षर बदलले आणि एमआरएनए लस शक्य झाली. विषाणू करतात तेच माणसाने जाणीवपूर्वक केले.

परदेशाबद्दल. जावेच लागेल असे नाही, पण पोस्टडॉकला गेलात तर फायदा होईल, आणि तो तिथल्या यंत्रांपेक्षा वेगाचा असेल. आज सुचलेले प्रतिपिंड परवा हातात आले की माणूस वेगळ्या तऱ्हेने विचार करू लागतो. पीएच.डी. मात्र इथेच करा असे सुचवीन, निदान मुंबई-पुण्याच्या टप्प्यात. आपल्या रुग्णालयांची, इथल्या डॉक्टरांची, इथल्या नमुन्यांची ओळख त्याच वयात होते आणि परतल्यावर तीच कामाला येते. परदेशात बारा वर्षे काढून आलेल्या हुशार माणसाला केईएमच्या कोणत्या खिडकीवर उभे राहायचे ते माहीत नसते.

या विषयात एक धोक्याची रेघ आहे, ती आत्ताच दाखवून ठेवते. जनुक काढून विषाणू दुबळा करणे आणि जनुक घालून तो जबर करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने उंदरांची पैदास रोखण्यासाठी म्हणून माउसपॉक्स या उंदरांच्या देवीसारख्या विषाणूत आयएल-४ या प्रतिकारयंत्रणेच्या संदेशवाहकाचे जनुक घातले, आणि लस दिलेले उंदीरही मरू लागले. हेतू चांगला होता. तुमच्या प्रकल्पातला प्रयोग कोणत्या दिशेचा आहे, हे गाइडने आणि जैवसुरक्षा समितीने विचारायच्या आधी स्वतःला विचारायची सवय लावा.

या वर्षात काय करायचे? एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी 'विषाणू' शोधू नका, सस्तन पेशींचे कल्चर आणि फ्लो सायटोमेट्री स्वतःच्या हाताने शिकायला मिळेल अशी लॅब शोधा. नेटच्या अभ्यासात इम्युनॉलॉजीइतकेच पेशीजीवशास्त्राला वजन द्या. इंटरफेरॉनचा रस्ता, १९५७ मधल्या आयझॅक्स आणि लिंडेनमान यांच्या कोंबडीच्या अंड्यातल्या पटलांवरच्या प्रयोगापासून स्टॅट-१, स्टॅट-२ पर्यंत, कागदावर न बघता काढता आला पाहिजे. मग त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणता विषाणू घाव घालतो ते लिहीत जा. जिथे अजून कोणाचेच नाव लिहिता येत नाही असा टप्पा सापडला, तर तो वहीत वेगळा नोंदवून ठेवा.

गाइड निवडताना पेपरची यादी बघाच, पण त्या लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांशी गाइड नसताना कँटीनमध्ये बोला. फेलोशिप वेळेवर येते का, अपयशी प्रयोग गटाच्या बैठकीत मोकळेपणी दाखवता येतात का, पहिल्या नावासाठी भांडणे होतात का, आणि शेवटच्या तीन पीएच.डी. झालेल्या मुली आज कुठे आहेत, एवढे विचारा. या चौथ्या प्रश्नावर कोणी विषय बदलला, तर दुसरी लॅब बघा.